खुलासा : नवरा-बायको दोघांना पीएम किसानचे वेगळे पैसे मिळत नाहीत

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांनाही केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला 6000 रुपये वेगवेगळे मिळणार, आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेसाठी नवा अर्ज भरावा लागणार, असं त्यात म्हटलंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पीएम किसानच्या मार्गदर्शक सूचनांतच कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं, असं लिहिलंय. अशा एका कुटुंबाला लाभ एकच, मग जमीन कितीही जणांच्या नावावर असो. दोघांनी हप्ते उचलले तर पैसे परत करायची वेळ येऊ शकते, म्हणून हा मेसेज मला निरुपद्रवी वाटत नाही. सज्ञान मुलाच्या नावावर जमीन असेल तर त्याचं कुटुंब वेगळं धरलं जातं; घोळ बहुधा इथूनच झाला असावा. पण तिथेही जमीन 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत नावावर झालेली लागते. नंतर विकत घेतलेली चालत नाही, खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेली चालते.

‘नमो’ 2023 साली सुरू झाली. तिची यादी पीएम किसानच्या लाभार्थ्यांवरूनच तयार होते, त्यामुळे वेगळा फॉर्म नाही. हप्ता अडकला असेल तर ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी), बँक खात्याला आधार जोडलंय का आणि जमिनीची नोंद एवढं आधी तपासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासाही टाका.