बापूंचे सात ग्रुप

काल संध्याकाळी गणपती मंदिराजवळच्या आमच्या कट्ट्यावर भडंगाचा पुडा सुटायच्या आतच वाद पेटला. सकाळी बापूंनी सात ग्रुपांवर निरोप टाकला होता, साधूच्या वेशात पोरं पळवणारी टोळी मिरज रोडला फिरतेय म्हणून.

"आलेलं पुढं धाडलं, एवढंच," बापू म्हणाले. "खोटं निघालं तर काय बिघडलं? आयाबाया पोरांना जपतील. आणि खरं असलं नि मी गप्प बसलो, तर?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. बापूंच्या घरात दोन नातवंडं आहेत. पण पैलवान पडला जतकडचा, तो उसळलाच.

"लवंग्यात काय झालं विसरलासा व्हय बापू? सप्टेंबर 2022. उत्तर प्रदेशचे चार साधू, पंढरपूरला निघालेले. एका पोराला रस्ता विचारला, तेवढ्यावरनं टोळी ठरवून काठ्यांनी बडवलं त्यास्नी. जगले हे नशीब."

"राईनपाड्यात तेवढंही नशीब नव्हतं," मास्तर म्हणाले. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा. मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी जमावानं मारले. त्याच वर्षी देशभर फिरलेला व्हिडिओ मास्तरांना अजून आठवतो. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीतलं पोर उचलून पळतात. मुळात तो कराचीतला, जनजागृतीसाठी केलेला. शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवटच कापला होता.

मी बापूंचा फोन मागून घेतला. निरोपावर दोन बाणांची खूण होती. म्हणजे तो निदान पाच हातांतून आलेला. 2020 पासून व्हॉट्सअ‍ॅप असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ देतं. बापूंनी एकेक करत सात वेळा पाठवला होता.

मी बापूंना नावं ठेवू शकत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. त्या रात्री 'धरण फुटलं' हा आवाजी निरोप भावकीच्या ग्रुपवर मीच टाकला होता. आत्या घाबरून अंधारात माळ्यावरनं उतरायला गेली आणि पडली. धरण धड होतं, आत्याचा पाय मोडला. आजही ती जिना चढताना कठडा धरते, तेव्हा मी दुसरीकडं बघतो.

"खरं वाटलं तर 112 ला फोन लावायचा, बापू," मी म्हणालो. "पोलीस बघतील. सात ग्रुपांतली माणसं काठ्या शोधतील."

"बरं, डिलीट करतो."

"पुसून भागत न्हाई," पैलवान म्हणाला. "वाचलंय त्यांच्या डोक्यात टोळी तशीच हाय. खोटं होतं म्हणून लिवा. सातीकडं."

"चारचौघांत नाक कापून घेऊ?"

कुणीच बोललं नाही. चहा आला. बापूंनी चष्मा पुसला.

"'निरोप खोटा होता' लिहू, का 'खात्री न करता पाठवला' लिहू?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले.

एका बोटानं टायपत बापू सहा ग्रुप उरकले. सातवा व्याह्यांचा. तिथं बोट बराच वेळ थांबलं. पैलवानानं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. बापूंनी एक घोट घेतला आणि पाठवलं.