खालचे पट्टेही पाहा

‘आयटीएस-१ तुकडा हे-थ्री एन्झाइमने कापला की त्वचेच्या लेशमॅनियासिसमधली जात लगेच कळते’ हे लेखातलं विधान अर्धंच खरं आहे. (लेशमॅनियासिस हा लेशमॅनिया परजीवीचा आजार; आयटीएस-१ हा त्याच्या डीएनएचा एक भाग. एन्झाइम तो ठरावीक जागी कापतो आणि तुकडे जेलवर लांबीनुसार पट्ट्यांसारखे दिसतात.) लेशमॅनिया मेजर ही जात कळते: २०३ आणि १३२ बेस-जोड्यांचे (डीएनएच्या लांबीचं एकक) पट्टे. पण ट्रॉपिका जातीचा मोठा पट्टा साधारण १८५चा आणि डोनोवानीचा १८४चा! फरक फक्त खालच्या लहान पट्ट्यांत, आणि दीड टक्क्याच्या अॅगरोज जेलवर ते नीट सुटतच नाहीत. ३-४ टक्क्यांचं जेल लावा, नाहीतर सरळ सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) करा. हिमाचलच्या सतलज खोऱ्यात तर त्वचेच्या व्रणांत ट्रॉपिका आणि डोनोवानी या दोन्ही जाती सापडल्या आहेत.

नमुन्याबद्दल एक ओळही नाही, हे खटकलं. व्रणाच्या मधल्या खपलीतून नव्हे, उंच कडेतून घ्या. ठेवा इथेनॉलमध्ये, फॉर्मेलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) कोरा येऊ शकतो.