मदेरा, व्हाया चिमूर

पुतण्या लिस्बनला असतो. मे महिन्यात घरच्या लग्नाला यायचं ठरलं तेव्हा त्याचा फोन आला. "काका, वाइनची एक बाटली आणतो. पोर्ट आणू, शेरी आणू, का मदेरा?"

"चांगली आण," मी म्हणालो.

"सगळ्याच चांगल्या आहेत. तुम्हीच सांगा ना. किण्वनाचा धडा तुम्हीच तर शिकवला."

हे खरं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी ३१ वर्षं किण्वन शिकवलं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. समीकरण लिहा, दोन गुण. त्या समीकरणाच्या उजव्या बाजूला एवढी नावं आणि एवढा मानपान असतो, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. आमच्या गावात दारूचे प्रकार तीन: देशी, इंग्लिश आणि मोहाची. चौथं औषध, म्हणजे मायच्या कपाटातलं द्राक्षासव. पण मास्तरने 'मला माहीत नाही' म्हणायचं नसतं. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणून मी फोन ठेवला आणि अभ्यासाला बसलो.

पोर्टचं सूत्र सोपं निघालं. पोर्तुगालच्या दुओरो खोऱ्यातल्या द्राक्षांचा रस आंबायला ठेवायचा आणि निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षांचाच ७७ टक्के अल्कोहोलचा अर्क ओतायचा. यीस्ट जागच्या जागी मरतं. साखर उरते म्हणून पोर्ट गोड, अर्क पडतो म्हणून १९ ते २२ टक्के कडक. म्हणजे पंगतीत बसलेल्या पाहुण्याला दुसऱ्या पोळीवर उठवायचं आणि त्याचं उरलेलं ताट गिऱ्हाइकाला विकायचं.

स्पेनच्या हेरेसमधली शेरी जास्त सभ्य. तिथे पाहुण्याला पोटभर जेवू देतात, अर्क मागाहून. साखर उरत नाही, म्हणून ती मुळात 'कोरडी'. हे मी पानठेल्यावर सांगितलं तिथेच चुकलं.

"कोरडी दारू?" पानठेलेवाल्याने चुन्याची काडी हवेतच धरली. "म्हंजे भुकटी असते का गुर्जी?"

संध्याकाळपर्यंत गुर्जी दारूच्या भुकटीवर संशोधन करून राह्यले, ही बातमी घरी माझ्याआधी पोचली. मग मायलाही सगळं सांगावं लागलं. फिनो नावाच्या शेरीवर यीस्टचा पांढरा थर सायीसारखा धरतो आणि तोच तिला हवेपासून सांभाळतो, हे तिला अजिबात पटलं नाही. "लोनच्यावर असा थर आला तं आमी बरनी उकिरड्यावर नेतो." पिपांच्या उतरंडीत जुन्यात नवी मिसळत राहायची, खालच्या पिपातून काढायची आणि वरच्यातून भरायची, हे मात्र तिला लगेच कळलं. तिचं विरजण तिच्या सासूपासून चालू आहे. एका जातीची द्राक्षं चटयांवर उन्हात वाळवून काळी गोड शेरी करतात, हे ऐकल्यावर तर ती म्हणाली, "मंग राखन कोन करते? पाखरं नाही खात?" एवढा शास्त्रीय प्रश्न मला ३१ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

व्हर्मुथ मी सोडून दिली. वाइनमध्ये कडू झाडपाला घालतात म्हणे. काढा प्यायला लिस्बन कशाला पाहिजे?

खरी अडचण चवीची नव्हतीच, टिकण्याची होती. फिनो गार ठेवावी लागते आणि उघडल्यावर थोड्या दिवसांत उतरते. आमचा फ्रिज भारनियमनाच्या वेळापत्रकाने चालतो. व्हिंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांच्या, पोर्टला बाटलीत गाळ, ती हलक्या हाताने निथळून घ्यायची आणि उघडली की एक-दोन दिवसांत संपवायची. आमच्याकडे लग्नाच्या दोन दिवसांत चपला सापडत नाहीत.

मग मदेरापाशी आलो. हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट. तिथली वाइन जहाजावर नासू नये म्हणून अर्क घातला, पिपं उष्ण कटिबंधातून फिरून परत आली, आणि वाइन बिघडायच्या ऐवजी सुधारली. पुढे मुद्दाम फिरवून आणू लागले. आता जहाजाचा खर्च नको म्हणून बरीचशी वाइन टाक्यांमध्ये ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात.

हे वाचून मी चष्मा काढला. पंचेचाळीस अंश. तीन महिने. याला आम्ही उन्हाळा म्हणतो.

इतकी भाजून निघालेली वाइन उघडली तरी कित्येक महिने टिकते. निवड झाली. मदेरातही प्रकार: सर्शियाल कोरडी, माल्वाझिया गोड. मी मधली, जराशी गोडाकडे झुकलेली बुआल सांगितली. "मदेरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकूड," असं पाटलांना सांगितलं तर ते म्हणाले, "काहाले आडवळन घेता? मदिरा म्हना न सरळ."

आडवळण पुढेच होतं. नागपूरहून आमचा सरळ रस्ता वर्ध्यावरून आणि वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. बाटली घेऊन नुसतं जाता येतं की नाही, यावर पानठेल्यावर दोन तट पडले. सेवाग्रामच्या जिल्ह्यातून डिक्कीत बाटली न्यायला माझंही मन घेईना. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली आहे, म्हणून गाडी नागपूरहून उमरेड, चिमूर, वरोरा, वणी अशी आणायचं ठरलं. वरोऱ्याच्या पुढे टायर बसला. भर दुपारी पुतण्याचा फोन: "काका, डिक्कीला हात लावता येत नाही. बाटली पुढे एसीत घेऊ?"

"राहू दे तिथेच," मी म्हणालो. "तिला सवय आहे."

रात्री अंगणात खाटा टाकल्या. मी छोटे पेले मांडले, रंग बघा म्हणालो, अक्रोडाचा वास सांगितला, उरलेली दिवाळीपर्यंत टिकेल हेही सांगितलं. पाटलांनी पेला बाजूला सारून स्टीलचा गिलास पुढे केला आणि एका दमात रिकामा केला.

"सरबत बरं हाय," ते म्हणाले. "आता दारू काढा."

बाकीच्यांनी सरबत दोनदा मागून घेतलं. वीस मिनिटांत बाटली आडवी झाली.

हल्ली तिच्यात माय जवसाचं तेल ठेवते. पुतण्याचा फोन आला की न चुकता सांगते, "बाटली मस्त आनली बाप्पा. बूच पक्कं हाय, लय टिकते."