दोन तुकड्यांचा सर्फबोर्ड: फायदा आहे, पण सांगतात तो नव्हे

ठाणे-नवी मुंबईत सर्फिंग करणारे तसे मोजकेच. पण जे आहेत त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. आशय असा: मधोमध सुटणारा, दोन तुकड्यांचा ट्रॅव्हल सर्फबोर्ड घ्या. तो विमानात साध्या बॅगेसारखा फुकट जातो, रेल्वेत बर्थखाली सरकतो, पाण्यात अखंड बोर्डासारखाच चालतो, मध्ये कार्बन असल्यामुळे तुटत नाही, दोन-तीन ट्रिपांत बोर्डाचं भाडं वाचून पैसे वसूल होतात, तंत्रज्ञान एकदम नवीन आहे, आणि हो, फ्लॅटमध्येही मावतो. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी घरातली मोजपट्टी काढून बघितलेली दिसत नाही.

या बोर्डांशी माझं काही वाकडं नाही. काही जणांनी ते जरूर घ्यावेत. पण वर दिलेल्या कारणांसाठी घेतले तर पहिल्याच चेक-इन काउंटरला तोंड कडू होईल.

विमानापासूनच सुरुवात करू, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलेला आहे. बहुतेक विमान कंपन्या चेक-इन बॅगेसाठी लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज धरतात आणि तिची सर्वसाधारण मर्यादा असते 158 सेंटिमीटर. आता नऊ फुटांचा लाँगबोर्ड घ्या. अख्खा 274 सेंटिमीटर, म्हणजे अर्धा 137. रुंदी 23 इंच धरली तर 58 सेंटिमीटर. जाडी तीन इंच, आणि दोन तुकडे एकावर एक ठेवायचे म्हणून दुप्पट, म्हणजे 15. बेरीज 210. यात बॅगेचा फोम अजून धरलेलाच नाही. म्हणजे बोर्ड मधोमध कापूनसुद्धा आपण मर्यादेच्या अर्ध्या मीटरहून जास्त बाहेर. काउंटरवरची बाई मोजपट्टी काढेल की नाही हा नशिबाचा भाग झाला, त्याला नियम म्हणत नाहीत.

बरं, लाँगबोर्ड सोडा. सहा फुटांचा शॉर्टबोर्ड: अर्धा 91.5, रुंदी 48, दोन तुकड्यांची जाडी साधारण 13. बेरीज 152 किंवा 153. वा! पण ही कागदावरची बेरीज. बोर्डाचं नाक केळ्यासारखं वर वळलेलं असतं, त्यामुळे पुढचा तुकडा मागच्यावर सपाट बसतच नाही, जाडी तिथे चांगलीच वाढते. त्यात तुकड्यांमध्ये एक थर, बाहेरून एक थर फोम. 158 केव्हाच मागे पडतात. पाच-साडेपाच फुटांचा छोटा फिश बोर्ड असेल तर गणित जमतं. पण तेवढा छोटा बोर्ड चालवता येणारा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ले वाचत बसलेला नसतो.

शिवाय वजन. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारण 15 किलो मिळतात. लाँगबोर्ड, जोडाचं सामान, जाड बॅग, फिन (बोर्डाखालचे पंख), लीश (पायाला बांधायची दोरी) मिळून दहा-बारा किलो सहज होतात. उरलेल्या तीन किलोंत चार दिवसांचे कपडे बसवा.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. बऱ्याच कंपन्या सर्फबोर्डाला क्रीडासाहित्य म्हणून वेगळा नियम लावतात. काही ठिकाणी दर नगाप्रमाणे ठरावीक पैसे, काही ठिकाणी वजनाच्या मर्यादेत बसला तर फुकट. पहिल्या प्रकारात बोर्ड दोन तुकड्यांत असला तरी तो सर्फबोर्डच, पैसे लागतातच. दुसऱ्या प्रकारात लांबीच्या मर्यादेत बसणारा अखंड बोर्डही फुकटच जातो. म्हणजे दोन्हीकडे तुकड्यांचा फायदा शून्य. तो होतो कुठे? जिथे लांबीवरच बंदी आहे तिथे. एटीआरसारख्या छोट्या विमानात सामानाची जागा आणि दार दोन्ही लहान. तिथे नऊ फुटांचा बोर्ड पैसे देऊनही घेतला जाईल याची खात्री नाही, आणि दोन तुकड्यांचा जाऊ शकतो. हा फायदा खरा. पण तो बोर्ड नाकारला न जाण्याचा, फुकट जाण्याचा नव्हे.

रेल्वेचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. डब्यात सोबत नेण्याच्या पेट्या-ट्रंकांसाठी रेल्वेचं माप 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर आहे, त्यापेक्षा मोठं सामान ब्रेकव्हॅनमध्ये बुक करायचं. शॉर्टबोर्डाचा अर्धा तुकडा या मापात बसतो. लाँगबोर्डाचा 137 सेंटिमीटरचा तुकडा बसत नाही. टीसी दुर्लक्ष करतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तो भाग सोडा. खरी अडचण ठाणे स्टेशनवर मत्स्यगंधा पकडताना येते. गाडी थांबते थोडाच वेळ, दारात आधीच चार ट्रॉली बॅगा, आणि तुमच्या खांद्यावर दाराच्या रुंदीचाच चपटा पेटारा. तो आडवा आत जात नाही, उभा धरून तिरका घालावा लागतो. एवढं करून कर्नाटकातल्या मुल्कीला उतरायचं, जिथे सर्फिंगच्या शाळा आहेत आणि बोर्ड भाड्यानं मिळतात! (शॉर्टबोर्डवाल्यांसाठी एक फुकटचा सल्ला: सहा फुटांचा अखंड बोर्ड वरच्या बर्थवर आपल्या शेजारी आडवा मावतो. झोप लागत नाही, एवढंच.)

पाण्यात अखंड बोर्डासारखाच चालतो, या दाव्यावर माझं उत्तर बोर्डानुसार बदलतं. अखंड बोर्डाला वरखाली फायबरग्लासची सलग कातडी असते आणि बऱ्याच बोर्डांच्या पोटात नाकापासून शेपटीपर्यंत लाकडाची पट्टी असते, जिला स्ट्रिंगर म्हणतात. लाटेवर वळताना हा सगळा सांगाडा थोडा वाकतो आणि परत सरळ होतो. दोन तुकड्यांच्या बोर्डात ही कातडी मध्येच संपते. तिथे तुकड्यांची तोंडं बंद करणाऱ्या दोन भिंती, आरपार जाणारे कार्बनचे किंवा धातूचे दांडे आणि बाहेरून आवळणाऱ्या पकडी. मधला पट्टा टणक होतो आणि वजन वाढतं. शॉर्टबोर्डावर कसलेल्या माणसाला हे पायाखाली कळतं. लाँगबोर्डावर, कमरेएवढ्या लाटांत, सरळ रेषेत सरकणाऱ्याला बहुतेक कळणार नाही. नवशिक्याला तर नाहीच. त्याला कळेल ते पॅडल करताना, म्हणजे पालथं झोपून हातांनी पाणी मारताना, छातीखाली किंवा पोटाखाली सांध्याची कडा घासते ते. रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पाण्यातला टी-शर्ट, घाला, प्रश्न मिटला. त्यामुळे हा मुद्दा लाँगबोर्डापुरता मी मान्य करतो.

मजबुतीचं मात्र मान्य नाही, आणि इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या हवेत हाच भाग सगळ्यात जास्त त्रास देतो. कार्बन दांड्यामुळे सांधा स्वतः भक्कम असतो हे ठीक. पण दांडा जिथे फोममध्ये संपतो, तिथे टणक भाग एकदम मऊ भागाला भेटतो. लाटेचा माथा बोर्डावर कोसळला की सगळा ताण नेमका त्या रेषेवर येतो. म्हणजे मोडण्याची जागा नाहीशी झालेली नाही, वीतभर सरकलीय.

दुसरं, गंज. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनिअम एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारं पाणी असेल, तर अ‍ॅल्युमिनिअम झपाट्यानं खाल्लं जातं. पकडीचे स्क्रू, दांड्यांच्या बाह्या (दांडे बसतात त्या नळ्या), वॉशर हे कशाचे आहेत ते विचारल्याशिवाय बोर्ड घेऊ नका. समुद्रासाठीचं 316 स्टेनलेस स्टील असेल तर बरं. तरीही प्रत्येक वेळी बोर्ड सुटा करून सांधा गोड्या पाण्यानं धुवायचा, दांडे पुसायचे, कोरडे करायचे. हे पावसाळ्यात ठाण्याच्या बंद बाल्कनीत करून दाखवा. जून ते सप्टेंबर कोकणचा समुद्र खवळलेला, बोर्ड बॅगेत पडून, बॅगेला आतून बुरशी आणि पकडीवर पांढरी पूड. ती पूड म्हणजेच खाल्लं गेलेलं अ‍ॅल्युमिनिअम.

मग वाळू. किनाऱ्यावर बोर्ड जोडताना सांध्याच्या तोंडावर वाळू असतेच. चार-दोन कण आत राहिले की भिंती एकमेकींना पूर्ण टेकत नाहीत. पकड लागते, पण नखभर फट राहते आणि प्रत्येक लाटेला तो सांधा आत आपली कड घासत बसतो. मऊ ब्रश आणि पाण्याची बाटली सोबत ठेवायची आणि जोडायच्या आधी दोन्ही तोंडं धुवायची, हे मेसेजमध्ये एका ओळीत तरी सांगायला हवं होतं.

दुरुस्तीचंही तेच. आपल्याकडे सर्फबोर्ड दुरुस्त करणारा कोपऱ्यावर बसलेला नसतो. मग माणूस रबाळे-महापे पट्ट्यातला एखादा एफआरपीवाला, म्हणजे फायबरग्लासचं काम करणारा, गाठतो, ज्याचा हात टाक्या आणि पत्र्यांवर बसलेला. तो सवयीनं पॉलिएस्टर रेझिन ओततो. तुमचा बोर्ड जुन्या पद्धतीच्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा असेल तर चालतं. पण हलका ठेवण्यासाठी ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम वापरला असेल, तर पॉलिएस्टर रेझिन तो फोम विरघळवून टाकतं. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. ईपीएसला इपॉक्सीच लागतं. दुरुस्तीला नेताना हे पाटीवर लिहून न्या.

पैसे वसूल होण्याचं गणित मेसेजमध्ये दिलेलंच नाही, नुसता निकाल दिलाय. आपण मांडू. आकडे गृहीत आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा बोर्ड परदेशातून मागवून, वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून एक लाखाला पडला. तिकडे किनाऱ्यावर बोर्डाचं भाडं समजा दिवसाला हजार. म्हणजे शंभर दिवस पाण्यात उतरलात की भाडं फिटलं. आयटी पार्कात नाहीतर बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षाच्या रजा किती, त्यातल्या गावाला किती, गणपतीला किती? उरलेल्यांत सर्फिंग. शंभर दिवसांना किती वर्षं लागतील ते ज्यानं त्यानं बघावं. त्यातही नेण्या-आणण्याचे पैसे वर सांगितल्याप्रमाणे द्यावेच लागणार, ते या हिशोबात धरलेले नाहीत.

श्रीलंकेत वेलिगामाला नोव्हेंबर ते एप्रिल किंवा अरुगम बेला मे ते सप्टेंबर गेलात तर किनाऱ्यावर भाड्याच्या बोर्डांच्या रांगा लागलेल्या असतात. गोव्यात अश्वेमला मिळतात. शिकणारा माणूस तर शाळेचा सॉफ्टटॉप, म्हणजे वरून मऊ फोमचा बोर्डच वापरतो, आणि एका मोसमात त्याला वेगळ्या मापाचा बोर्ड लागतो. भाड्याच्या बोर्डावर आज आठ फुटी, उद्या सात फुटी असं करता येतं. विकत घेतलेला बोर्ड आहे तोच राहतो.

नवीन तंत्रज्ञानाबद्दल फार बोलायची गरज नाही. कॅलिफोर्नियात टॉम मोरी आणि कार्ल पोप या जोडीनं 1960 च्या दशकातच तीन तुकड्यांत सुटणारा बोर्ड काढला होता. हाच मोरी ज्यानं पुढे 1971 मध्ये बूगी बोर्ड (पोटावर झोपून चालवायचा छोटा बोर्ड) बनवला. पोप यांनी नंतर दोन तुकड्यांचा कार्बनचा बोर्डही आणला. कल्पना साठ वर्षांची आहे, आणि साठ वर्षांत ती अखंड बोर्डाला बाजूला सारू शकलेली नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, जो मेसेजमध्ये जाता जाता आलाय: फ्लॅटमध्ये मावतो. अहो, हाच तर खरा फायदा! घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावर नऊ फुटांचा बोर्ड न्यायचा कसा? लिफ्टचं दार साधारण सात फुटांचं. बोर्ड तिरका घातला तरी शेपूट बाहेर. सर्व्हिस लिफ्ट असेल तर वॉचमनची विनवणी, नाहीतर जिना, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग बोर्डाला. घरात गेल्यावर तो ठेवायचा कुठे हा घरातल्यांशी वेगळा वाद. गाडीच्या टपावर बांधायचा तर रॅक हवा, आणि नागाव नाहीतर काशीदपर्यंत वाऱ्यात पट्टे फडफडत जाणार. 137 सेंटिमीटरचे दोन तुकडे मात्र लिफ्टमध्ये उभे राहतात, साध्या हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडली की आत जातात, आणि पलंगाखाली दिसेनासे होतात. खारघर-उलव्याच्या ज्या सोसायट्यांत पार्किंगमध्ये सायकलसुद्धा ठेवू देत नाहीत, तिथे एवढ्या एका कारणासाठी हा बोर्ड घेणं मला पटतं.

म्हणजे घ्यावा कोणी? ज्याला लाँगबोर्डच चालवायचाय, ज्याचं माप आता ठरलंय, जो स्वतःच्या गाडीनं वारंवार कोकणात अशा किनाऱ्यांवर जातो जिथे भाड्यानं काही मिळत नाही, आणि ज्याच्या इमारतीची लिफ्ट आडवी येते. त्यानं जरूर घ्यावा, आणि विमानाच्या गोष्टी विसरून घ्यावा. वर्षातून एकदा बाली नाहीतर श्रीलंका करणाऱ्यानं भाड्यानं घ्यावा.

घेणारच असाल तर विक्रेत्यासमोर बोर्ड स्वतः जोडा, त्याला जोडू देऊ नका. पकड आवळायला पक्कड लागत असेल तर ओल्या, वॅक्स लागलेल्या बोटांनी किनाऱ्यावर ती आवळली जाणार नाही. मग बोर्डाची दोन टोकं गादीवर टेकवून मध्ये तळहातानं हलकं दाबा आणि सांध्याला कान लावा. करकर ऐकू आली तर दुसरा नग मागा. पकडीचे सुटे भाग भारतात मिळतात का तेही तिथेच विचारा, कारण एक स्क्रू हरवला की तुमच्याकडे साडेचार फुटांचे दोन निरुपयोगी बोर्ड उरतात.