‘तापल्या पत्र्यावर तीन थर द्या, दिवाळीपर्यंत बघायला नको’ म्हणे!

मे संपत आला की ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मतलब तोच. पावसाआधी गाडी भर उन्हात उभी करा, पत्रा चांगला तापू द्या, मग वॅक्सचे, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायच्या मेणाचे, तीन जाड थर द्या. तापलेल्या रंगात वॅक्स मुरतं, ओरखडे भरून निघतात, गंज लागत नाही, दिवाळीपर्यंत बघायला नको. वॅक्स महाग वाटलं तर मेणबत्ती खोबरेल तेलात वितळवून लावा, गुण तोच. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

वॅक्स लावूच नका असं मी म्हणणार नाही, मीही लावतो. पण या मेसेजमध्ये धड असं एकच वाक्य आहे: पावसाआधी लावा. बाकीचं एकेक बघू.

वॅक्स रंगात मुरत नाही. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, अशी आजच्या गाड्यांची रचना असते. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), त्यात क्लिअर कोट 35 ते 50. म्हणजे क्लिअर कोट केसाच्या जाडीपेक्षाही कमी. हा क्लिअर कोट घट्ट जमलेला प्लास्टिकसारखा पदार्थ आहे. पत्रा कितीही तापवा, तो वॅक्स पिणार नाही. वॅक्स वरच बसतं, आणि पुसल्यावर जे उरतं ते अगदीच पातळ असतं. त्यामुळे जाड थर दिला तर जास्तीचं सगळं फडक्यात जातं, नाहीतर दरवाजाच्या फटीत आणि काळ्या प्लास्टिकवर पांढरं होऊन बसतं. ते प्लास्टिकवरून काढायला जो वेळ जातो त्यात दुसरी गाडी धुऊन होईल. दुसरा पातळ हात मारायला हरकत नाही, कारण पहिल्यात कुठेतरी जागा सुटलेली असतेच. तिसऱ्याने फक्त डबा लवकर संपतो.

ऊन तर उलटंच काम करतं. वॅक्समध्ये ते पसरावं म्हणून द्रावक घातलेलं असतं. बऱ्याच वॅक्समध्ये जे कार्नाउबा असतं ते म्हणजे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते मुळात इतकं कडक की 80 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून त्यात तेल, द्रावक, इतर मेणं मिसळावी लागतात. हात ठेववत नाही अशा बॉनेटवर द्रावक क्षणात उडून जातं, वॅक्स ठिपक्याठिपक्यांनी चिकटतं आणि मग ते काढायला जोर लावावा लागतो. सकाळी स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या सावलीत, पत्रा हाताला गार लागतोय तोवर, एका वेळी एकच भाग घ्यावा. आपल्याकडच्या दमट हवेत वॅक्स सुकायला डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. बोट ओढून बघा: स्वच्छ रेघ उमटली की पुसायला घ्या, चिकट ओघळ दिसला तर थांबा.

आता ओरखडे. इथे मेसेज अर्धवट खरं बोलतो आणि म्हणूनच फसवतो. काही वॅक्समधली तेलं आणि भराव बारीक रेषांत बसतात, गाडी एकदम नवी दिसते, चार-सहा धुण्यांनंतर सगळं जाळं परत. रेषा घालवायच्या तर पॉलिश लागतं आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून कमी करणं. तो पुन्हा वाढत नाही, त्यामुळे दरवर्षी मशीन फिरवून घेणाऱ्यांनी जरा विचार करावा. रेषेत नख अडकत असेल तर पॉलिशचीही आशा सोडा, तिथे टचअप, म्हणजे तेवढ्याच जागी रंग.

पण हे ओरखडे येतात कुठून? मेट्रो 4 च्या कामांनी वर्षानुवर्षं घोडबंदर रोडवर धूळ उडवली, टॉवरांची बांधकामं तर कधी थांबतच नाहीत. ती धूळ रात्रभर गाडीवर बसते. सकाळी गाडी पुसणारे दादा येतात, एक बादली, एक फडकं, दहा-बारा गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत त्या फडक्याचा सँडपेपर झालेला असतो. पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली बॉनेटवर गोल गोल कोळ्याचं जाळं दिसतं ना, ते बहुतेक याच रोजच्या पुसण्याचं. दोष त्या माणसाचा नाही. सोसायटीने पाइप लावायला बंदी केलेली, पाणी टँकरचं, पगार किरकोळ. त्यांना सांगा, रोज फक्त काचा पुसा, पैसे तेवढेच घ्या. आठवड्यातून एकदा दोन बादल्या घेऊन धुवा: एकीत कार शॅम्पू, दुसरीत मायक्रोफायबरचं फडकं खळबळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण नको, तो असलेलं वॅक्सही कमी करतो. हे बदललं नाही तर हजार रुपयांच्या डब्याने काहीही होणार नाही.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी बहुधा जड असतं, अंगावर सुकलं की पांढरी वर्तुळं सोडतं. वॅक्सवर पाण्याचे सुंदर मोती होतात खरे, पण ते मोती तिथेच सुकले तर वर्तुळंही तितकीच ठसठशीत. धुतल्यावर लगेच टिपून घ्या.

गंजाचं उत्तर एका ओळीचं आहे. तो सुरू होतो खडी लागून उडालेल्या टवक्यात, चाकाच्या कमानीत, दरवाजाच्या खालच्या कडेला, गाडीच्या पोटाशी, आणि तिथे तुमचं वॅक्स पोहोचतच नाही. कोपरी, ऐरोली, वाशीसारख्या खाडीकाठी राहणाऱ्यांनी टवके वेळेवर टचअप करावेत आणि दरवाजाखालची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली नाहीत ना ते बघावं.

दिवाळीपर्यंत टिकतं का? कार्नाउबा वॅक्स पावसात, उघड्यावर उभ्या गाडीवर महिना-दीड महिना टिकलं तरी चांगलं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच लावायचा पण कृत्रिम रसायनांचा लेप, काही महिने काढतो आणि आपल्या पावसाला मला तोच बरा वाटतो. झळाळी थोडी कमी, पण गणपतीच्या आसपास एक हात पुन्हा मारला की भागतं. सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ असतं, पण ‘9एच’ म्हणून जो आकडा दाखवतात तो पेन्सिलने ओरखडून बघायच्या चाचणीचा आहे. त्याने खडीचा टवका अडत नाही.

मेणबत्ती आणि खोबरेल तेलाबद्दल फार लिहायची इच्छा नाही. तेल धूळ धरतं. पावसात ते वाहून समोरच्या काचेवर आलं की वायपर ते पसरवतो आणि रात्री नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर समोरच्या हेडलाइटचा नुसता धुरकट गोळा दिसतो. केसांना लावा, बॉनेटला नको.

ज्यासाठी वॅक्स खरंच उपयोगी पडतं त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही: पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाखालचा चिकट स्राव. तापलेल्या पत्र्यावर विष्ठा क्लिअर कोटमध्ये कायमचा डाग खोदू शकते. वॅक्समुळे तुम्हाला थोडा वेळ मिळतो, एवढंच. डाग दिसला की ओलं फडकं काही मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाल्यावर उचलून घ्या, घासू नका. गाडीचा रंग मॅट असेल तर साध्या वॅक्सचा डबा उघडूच नका. आणि नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर किती दिवस थांबायचं ते पेंटरला विचारा. नवा रंग पूर्ण सुकायला बऱ्याचदा महिना किंवा जास्तही लागतो.