लिअर येतोय, समोसे तळायला घ्या

शेक्सपिअरचा राजा लिअर येतोय. येत्या सोमवारी, २८ मे २०१८ला, बँक हॉलिडेच्या रात्री, बीबीसी टूवर. अँथनी हॉपकिन्स लिअर. एमा थॉम्पसन थोरली मुलगी, एमिली वॉटसन मधली रीगन, फ्लॉरेन्स प्यू धाकटी कॉर्डेलिया. जिम ब्रॉडबेंट सरदार ग्लॉस्टर, जिम कार्टर केंट, अँड्र्यू स्कॉट ग्लॉस्टरचा मुलगा एडगर. दिग्दर्शक रिचर्ड आयर. इतकी नावं एकाच पोस्टरवर आल्यावर आपल्या लंडनच्या मराठी मंडळींनी नेमकं कसं वागावं, याबद्दल मार्गदर्शनाची नितांत गरज आहे, असं मला गेल्या शनिवारपासून वाटायला लागलंय. शनिवारचं पुढे सांगतेच. आधी तयारी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाटक वाचू नका. वाचलंत तर शेवट कळेल. १६०६ साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरच्या रात्री, हे नाटक राजा जेम्ससमोर झालं. शेवट फुटून चारशेच्या वर वर्षं झाली. तरीही आमच्या ग्रुपवर ‘प्लीज, नो स्पॉयलर्स’ असा मेसेज आला आणि त्याला भराभर अंगठे मिळाले. तुम्हीही एक द्या.

घरात विंदांनी मराठीत केलेला ‘राजा लिअर’ असेल, तर तो टीव्हीशेजारी, आल्यागेल्याला दिसेल असा ठेवा. उघडू नका, बांधणी जुनी आहे.

मग ‘फार डिप्रेसिंग नाही ना?’ हा प्रश्न विचारून ठेवा. शोकांतिका बघायला जाताना ही खात्री करून घेतलेली बरी. लाजू नका, तुमच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. १६८१ साली नेहम टेट नावाच्या गृहस्थांनी तुमच्यासारख्यांचीच सोय पाहिली होती. त्यांच्या लिअरमध्ये कॉर्डेलिया मरत नाही, उलट तिचं एडगरशी जमतं. म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं. विदूषक तर नाटकातून साफ हद्दपार. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षं हाच गोड लिअर चालला. विदूषक परत यायला १८३८ साल आणि मॅक्रेडीसारखा नट लागला. अठराव्या शतकातला कोशकार सॅम्युअल जॉन्सन हा एरवी पहाडासारखा माणूस, पण कॉर्डेलियाचं मरण वाचून इतका हादरला की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत त्याने ते शेवटचे प्रवेश पुन्हा उघडले नाहीत. बिचाऱ्याला ‘जरा हेवी आहे’ म्हणून पुढचा चिवडा घ्यायची युक्ती ठाऊक नव्हती.

‘हे तर ब्रेक्झिटवरच आहे!’ हे वाक्य, राजा मुलींत राज्य वाटायला नकाशा काढतो तो दिसताक्षणी म्हणायचं. दुसऱ्या कुणी आधी म्हटलं तर तुमची संध्याकाळ फुकट.

लांबीबद्दल दोन मतं आत्ताच तयार करून ठेवा. पूर्ण लिअर तीन तासांच्या पुढे जातो, आयरने तो दोन तासांच्या आत बसवलाय. तेव्हा पाहायच्या आधी म्हणायचं, ‘कापून वाट लावली असणार.’ आणि पाहून झाल्यावर, ‘मध्ये जरा रेंगाळलंच.’

हॉपकिन्सबद्दल काय बोलायचं तेही ठरवून टाका. हा माणूस या २०१८ साली ऐंशी वर्षांचा आहे आणि ‘ऐंशी आणि वर’ असं स्वतःचं वय सांगणाऱ्या राजाची भूमिका करतोय. १९८६ साली नॅशनल थिएटरमध्ये त्याने लिअर केला, तेव्हा त्याची पन्नाशीही झाली नव्हती. आपण अजून गाठलं नाही ते म्हातारपण तेव्हा त्याने रंगमंचावर कुठून आणलं असेल, आणि आता ते अंगातच असताना त्याचं काय करील, याची उत्सुकता वाटण्याचा धोका आहे. वाटू देऊ नका. ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला त्याचा नरभक्षक आठवून विचारायचं ते एवढंच, ‘यात तो कुणाला खातो का?’ आमच्याकडे हा विनोद दोनदा झाला आणि दोन्ही वेळा हशा पिकला.

आता ‘नटसम्राट’. हा हुकमाचा पत्ता. लिअरचं नाव निघालं की एका सेकंदात ‘पण आपल्या नटसम्राटची सर नाही’ असं म्हणायचं, आणि मग लागू की दत्ता भट की सतीश दुभाषी की यशवंत दत्त की नाना, या वादात सगळ्यांना लोटून द्यायचं. लिअर बाजूलाच राहतो. १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनने ‘नटसम्राट’ आणलं तेव्हा आपण जन्मलेले नव्हतो, यामुळे मत द्यायला काहीच आडकाठी येत नाही. शिरवाडकरांनी लिअरचं नेमकं काय केलं, हे मात्र कुणी बोलायचं नाही. लिअरला नाटकात बायकोच नाही, आप्पा बेलवलकरांना कावेरी आहे. लिअरला कॉर्डेलिया आहे, आप्पांना नाही, त्यांच्या पदरी मुलगा आणि मुलगी एवढंच. या दोन बदलांनी अख्ख्या नाटकाचं दुःख जागा बदलतं, यावर एक संध्याकाळ आनंदात घालवता येईल. पण आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, ‘यात जगावं की मरावं कधी येतं?’ मी म्हटलं, काका, ते हॅम्लेटमधलं. ‘मग नटसम्राटमध्ये कसं काय?’ म्हटलं, काका, तो नट आहे, त्याने हॅम्लेटही केलेला असतो. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मग शेक्सपिअरने लिअरमध्येही ठेवायला हवं होतं.’ हे असं थेट बोलता आलं पाहिजे. काकांचा सल्ला सर्वांनी घ्यावा.

खाण्याचं पॉटलक करा. वादळाच्या प्रवेशाला भजी.

आणि आता सगळ्यात मुरलेला खेळ, जो खेळल्याशिवाय तारांकित संचाचे पैसे वसूल होत नाहीत. खेळाचं नाव, ‘ह्याला कुठे पाहिलंय गं?’

शनिवारी आम्ही एका स्नेह्यांकडे जमलो होतो. दुपारी विंडसरचं, हॅरी-मेगनचं लग्न. घरभर माणसं, टीव्हीपुढे सतरंजी. दाराशी गाड्या लागत होत्या, एकेक पाहुणा उतरत होता आणि सतरंजीवरून नावं येत होती: हा इद्रिस एल्बा, ही ओप्रा, हे क्लूनी, हे बेकहॅम. ठीक आहे. लग्नात दुसरं करायचं काय असतं? बिशप करींचं प्रवचनसुद्धा सगळ्यांनी मांडी न बदलता ऐकलं. शपथांच्या वेळी तर लहान मुलांना दटावून गप्प केलं. मग जेवणं झाली आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की पुढच्या सोमवारचा लिअर येतोय, तर सरावाला जुना लॉरेन्स ऑलिव्हिएचा लावू या. १९८३चा, ग्रॅनडा टीव्हीने केलेला. डीव्हीडी माझी. म्हणजे पाप माझंच.

तर खेळाचे नियम असे. पडद्यावर चेहरा आला की तो काय बोलतोय इकडे लक्ष द्यायचं नाही. तो आधी कुठे दिसला होता, ते सांगायचं. रीगन म्हणून डायना रिग आली. बापाला ‘आता तू म्हातारा झालास’ असं गोड आवाजात सुनावतेय आणि सतरंजी ओरडतेय, ‘अगं, गेम ऑफ थ्रोन्समधली आजी!’ जॉन हर्टचा विदूषक राजाच्या पायाशी बसून त्याला हसत हसत सोलून काढतोय आणि सतरंजी म्हणतेय, ‘हॅरी पॉटरमधला छडीवाला!’ कोण आधी ओळखतं याची चढाओढ. फोन वर. यादी वाचायची. ‘ह्याचं वय तेव्हा किती? आता आहे का? गेला? कधी?’ सतरंजीवर मृत्यूच्या चौकशा चालल्या होत्या आणि पडद्यावरचं मरण कुणी पाहत नव्हतं.

मग डोळ्यांचा प्रवेश आला. ग्लॉस्टरला खुर्चीला बांधलंय. रीगनचा नवरा कॉर्नवॉल त्याचा एक डोळा काढतो. आणि नेमकं तेव्हा एका गृहस्थांनी फोनवरून मोठ्याने वाचलं, ‘अरे, हा लिओ मॅकर्न! ह्याला खरंच एक डोळा नव्हता! लहानपणी अपघातात गेला म्हणे. काच बसवली होती!’ सगळे ‘काय सांगतोस!’ करत त्या फोनवर वाकले. कुणीतरी फोटो मोठा करून बघितला, खरा कुठला आणि काचेचा कुठला.

तेवढ्यात काय घडून गेलं, सांगू? कॉर्नवॉलचा एक नोकर पुढे येतो. त्याला नाव नाही. संहितेत नुसता ‘नोकर’. लहानपणापासून त्या घरात वाढलेला. तो मालकाला म्हणतो, थांबा, आजवर तुमची चाकरी केली पण ‘थांबा’ म्हणण्याइतकी चांगली चाकरी कधी केली नाही. आणि मालकावर तलवार उपसतो. रीगन त्याला मागून भोसकते. तो मरतो. पण कॉर्नवॉलला त्याने केलेली जखम कॉर्नवॉललाही संपवते. अख्ख्या नाटकात राजे, सरदार, राजकन्या, सगळे भाषणं ठोकत असताना, चालू अन्यायात हात घालून तो थांबवायला जाणारा माणूस हा. चारदोन वाक्यांचा. पोस्टरवर त्याचा चेहरा नसतो, कुठल्याच पोस्टरवर नसेल. त्याला ‘कुठे पाहिलंय’ हा प्रश्नच लागू होत नाही, म्हणून त्याला कुणी पाहिलंच नाही! एकानेही! मी म्हटलं, मागे घेऊ का, तर उत्तर आलं, ‘नको गं, डोळ्याचं परत नको, पोरं आहेत.’ १६०८च्या छापील प्रतीत याच्या पुढे आणखी दोन नोकर आहेत. ते आंधळ्या झालेल्या म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या तोंडाला अंड्याचं पांढरं लावायला निघतात. १६२३च्या प्रतीत ते गळालेत. आयरने ठेवलेत की नाही, हे मला सोमवारी बघायचंय. थॉम्पसनबाईंनी कुठला कोट घातलाय ते नाही.

शेवट ऐका. लिअर कॉर्डेलियाला हातांवर घेऊन येतो. पंचाहत्तरीतला, आजारपणं काढलेला ऑलिव्हिए. आणि मागून हिशोब: ‘किती किलोची असेल ती? कसं काय उचललं म्हाताऱ्याने?’ इथल्या नटांमध्ये जुना विनोद आहे, लिअर करायचा तर आधी हलकी कॉर्डेलिया शोधा. तो नटांचा विनोद आहे. ज्याला रोज रात्री ती उचलायची असते, त्याने करायचा. चहाचा कप हातात धरून बसलेल्याने नव्हे. त्यानंतर लिअर एक ओळ बोलतो. त्या ओळीत एकच शब्द पाच वेळा आहे: कधीच नाही, कधीच नाही, असं. मेलेल्या मुलीला ‘तू परत येणार नाहीस’ हे सांगायला त्याच्याकडे दुसरा शब्द उरलेला नाही. इतके लांब लांब शाप देणारा माणूस! आमच्याकडे तिसऱ्या ‘कधीच नाही’च्या सुमाराला कुल्फ्या आल्या. ‘पिस्ता कुणाला?’

बास. उपदेश पुरे, सरळच बोलते.

तुम्हाला लिअर नकोच आहे. तुम्हाला दुपारचं लग्न रात्रीही चालू ठेवायचंय. गाडीतून कोण उतरलं, कुणी काय घातलं, कोण कोणाच्या शेजारी बसलं. मग तसं सांगा ना! हॉपकिन्स आहे म्हणून बघणार, स्कॉट आहे म्हणून बघणार, आणि तो स्कॉट उघड्या अंगाने, वेड्याचं सोंग घेऊन वादळात उभा राहिला की ‘शेरलॉकमधला मोरियार्टी’ म्हणून त्याचं एडगरपण दोन सेकंदांत पुसून टाकणार. नटाने महिनोन् महिने राबून जो माणूस उभा केला, तो पाडायला तुम्हाला एक बोट आणि वायफाय पुरतं. याला रसिकता म्हणायचं? ज्यांच्या प्रवचनाला तुम्ही मांडी बदलली नाही, त्यांच्या वाट्याला आलेली शांतता शेक्सपिअरच्या वाट्याला का नाही? नवरीचा पदर अकरा तास बघाल, बापाचं वेड दहा मिनिटं बघवत नाही?

आणि मुलांची ढाल करू नका. पोरं गप्प होती. त्यातला एक तर नोकर मेला तेव्हा ‘त्याने काय केलं?’ असं विचारत होता. त्याला उत्तर मिळालं, ‘सरक, टीव्ही दिसत नाहीये.’

सोमवारी माझ्याकडे यायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी ऐकून ठेवा. सुरू व्हायच्या आधी जेवून या. फोन बाहेर चपलांपाशी ठेवायचे, मी टोपली ठेवते. कोण कुठल्या मालिकेत होतं हे मंगळवारी सकाळी विचारा, मी स्वतः यादी करून पाठवीन, जन्मतारखांसकट. मध्ये थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही, पंखा कमीजास्त करायला उठायचं नाही. काका, तुम्ही या, पण ‘जगावं की मरावं’ येणार नाही हे मनाशी पक्कं करून या. ज्यांना एवढं तोंड बंद ठेवणं जमणार नाही, त्यांनी आपापल्या घरी दुसरं चॅनल लावावं. सुट्टीची रात्र आहे, कुठेतरी केक भाजण्याची स्पर्धा लागलेलीच असेल.