बाथरूमचं बटण बाहेरच्या बाजूला

भयपट खरंच भीतीदायक आहे की नाही, हे ठरवायची माझी कसोटी एकच. रात्री अडीच वाजता पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना किती दिवे लावावे लागतात? एकही नाही, तर तिकिटाचे पैसे बुडाले. पॅसेजमधला एक, तर ठीकठाक. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर असे तिन्ही लावून वर बायकोला "जागी आहेस का गं?" असं विचारावं लागलं, तर मात्र दिग्दर्शकाला मानलं.

या कसोटीवर हिंदी भयपट काढणारे रामसे बंधू साफ नापास. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सैतान सामरी पडद्यावर भारी. पण वन बीएचकेत त्याचं काय चालणार? आमच्या पॅसेजमधून यायचं तर आधी वॉशिंग मशीन सरकवावं लागेल आणि माळ्याला कपाळ आपटेल ते वेगळंच. हवेलीतलं भूत हवेलीतच राहतं. याउलट 'झपाटलेला' (१९९३) हा विनोदी सिनेमा, तरी एका अख्ख्या पिढीची झोप त्याने उडवली. रामदास पाध्यांनी हलवलेला तो बाहुला तात्या विंचू पलंगाखाली बरोब्बर मावतो, हे त्याचं कारण. मापाला महत्त्व आहे.

राम गोपाल वर्माला हे कळलं होतं. त्याच्या 'भूत' (२००३) मध्ये ना झुंबर ना वटवाघूळ. उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट, खाली वॉचमन. म्हणजे आपलीच सोसायटी, फक्त मेंटेनन्स जास्त. शिवाय सिनेमात एकही गाणं नाही, त्यामुळे गाणं लागलं की पाणी प्यायला उठायची सोयही गेली.

दचकणं आणि घाबरणं यांत लोक गल्लत करतात. दचकवणं ही निव्वळ कारागिरी आहे. 'कॅट पीपल' (१९४२) मध्ये एक बाई रात्री एकटी चाललेली असते. मागे टाचांचा टकटक आवाज. मग तो आवाजच थांबतो. आपण श्वास धरून बसतो आणि पडद्याच्या कडेने फिस्स करून घुसते ती बस! निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. पुढच्या लोकांनी बसऐवजी मांजर वापरलं. मांजर निघून जातं, प्रेक्षकाचे खांदे खाली येतात आणि खरं जे काय यायचं ते नेमकं तेव्हा येतं. यावर उपाय सोपा: रिमोटवर अंगठा ठेवायचा आणि पार्श्वसंगीत अचानक गप्प झालं की म्यूट. आवाज गेला की निम्मं भूत मेलं. उरलेलं निम्मं पॉपकॉर्नच्या वाडग्याआडून बघता येतं.

संगीताची ही ताकद दिग्दर्शक हिचकॉकलाही आधी पटली नव्हती. 'सायको' (१९६०) मधला शॉवरखालच्या खुनाचा प्रसंग त्याला संगीताशिवाय हवा होता; संगीतकार बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर त्या किंकाळ्या वाजवून दाखवल्या, तेव्हा त्याने मत बदललं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप आणि चाकूचा आवाज खरबूज भोसकून काढलेला. म्हणजे सगळी सामग्री फ्रूट सॅलडची. बादली-तांब्यावाले आपण त्यातून सुटलो असं वाटतं खरं. पण डोक्यावर शिकेकाई, डोळे गच्च मिटलेले आणि तांब्या हाताला लागत नाहीये, या अवस्थेपेक्षा शॉवर पुष्कळ सुरक्षित.

मराठीत मला खरा घाम फोडला तो 'लपाछपी'ने (२०१७), आणि त्यातही भुतांपेक्षा उसाने. विशाल फुरियाने गरोदर बाईला उसाच्या रानातल्या घरात आणून ठेवली, तिथेच निम्मं काम झालं. ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो. दोन सऱ्या आत शिरलं की बांध दिसत नाही, घर दिसत नाही, आणि सगळ्या सऱ्या एकसारख्या. पात हाताला कापते. पायाखालचं पाचट प्रत्येक पावलाला वाजतं, त्यामुळे लपणाऱ्याला लपता येत नाही. आणि वारा सुटला की सगळं रानच सळसळतं, त्यामुळे मागून येणारा ऐकू येत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना वेगळं सांगायला नको. तिकडे रात्रपाळीच्या लाइटीला मोटर चालू करायला जाणाऱ्याने हा सिनेमा हंगामात तरी बघू नये.

असो. कसोटीकडे परत. तिन्ही दिवे लावून बाथरूममध्ये शिरलं, कडी घातली की सुटलो असं वाटतं. पण घर बांधणाऱ्याने दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर बसवलेलं असतं. आत असताना ते 'टक्' वाजतं आणि काळोख होतो. अशा वेळी ओरडायचं नाही. वीज वाचवायला बाबा उठलेले असतील, तर बटण बंद केल्यावर ते खोकतात. आधी खोकला येतोय का, ते ऐकायचं.